गेरूचा किनारा

विलुंगा हिलच्या वर, शेवटच्या वळणाच्या अलीकडे, आम्ही सकाळपासून फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. मी, ताई, दाजी आणि आई. २५ जानेवारी २०२५, शनिवार, टूर डाउन अंडर या ऑस्ट्रेलियातल्या सायकल शर्यतीचा पाचवा टप्पा. एवढी दाटी होती की आईला शर्यत अशी दिसलीच नाही, दिसली ती हेल्मेटांची एक रांग आणि ऐकू आला तो सायकलींचा सुंईऽऽ आवाज, आणि मग सगळे लोक ओरडले. इक्वाडोरचा जोनाथन नार्वाएझ जिंकला आणि त्याला ती जर्सी घालायला दिली, जी या शर्यतीत सगळ्यात पुढे असलेला माणूस घालतो. दाजींच्या मोबाईलवर आईने ते पाहिलं, स्क्रीन डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाली, "अरे, हा तर गेरूचा रंग."

फ्रान्सची जर्सी पिवळी, इटलीची गुलाबी, हे सायकलवाल्यांना पाठ असतं. ऑस्ट्रेलियाच्या या शर्यतीची 'ओकर', हेही मला माहीत होतं, पण ओकर म्हणजे गेरू हे इतकी वर्षं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या पिंपळगावकडच्या जुन्या घराच्या भिंतीला आई खाली गेरूचा पट्टा ओढायची, तुळशीवृंदावन दर दिवाळीला गेरूने रंगवायची, हाताला तो रंग दोन-तीन दिवस राहायचा. पुढचे आठ दिवस आम्ही अॅडलेडच्या दक्षिणेला जे काही फिरलो ते मला त्या एका शब्दाच्या मागे मागे गेल्यासारखं वाटतं.

आधी थोडं शर्यतीबद्दल. १९९९ ला सुरू झाली, पहिला विजेता अॅडलेडचाच स्टुअर्ट ओ'ग्रेडी. २००८ मध्ये सायकलिंगच्या सगळ्यात वरच्या मालिकेत युरोपबाहेरची पहिली शर्यत म्हणून ही घेतली गेली. दरवर्षी जानेवारीत, म्हणजे आपल्याकडे संक्रांतीचे दिवस आणि तिथे ऐन उन्हाळा. २०१८ ला तर उन्हामुळे एक टप्पा कापून लहान करावा लागला होता. विलुंगाचा चढ साधारण ३ किलोमीटरचा, सरासरी ७ टक्क्यांच्या वर, आणि या टप्प्यात तो दोनदा चढायचा असतो. रिची पोर्टने २०१४ ते २०१९ अशी सलग सहा वर्षं इथे पहिला येऊन दाखवलंय, म्हणून तिथे त्याचं नाव आजही आपुलकीने घेतात. नांदुरीवरून सप्तशृंगी गडाच्या मानाने लांबीला हा चढ काहीच नाही. पण त्या दिवशी सकाळी रस्ता बंद व्हायच्या आत मी भाड्याच्या सायकलवर तो चढलो तेव्हा रस्त्यावर खडूने नावं लिहिलेली, आठ-नऊ वर्षांच्या पोरी चढतायत, सत्तरीचे आजोबा चढतायत, आणि बाजूला बसलेले लोक प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, टाळ्या वाजवतायत. वारीत रस्त्याच्या कडेला उभं राहून अनोळखी माणसाला पाणी देणारे लोक असतात ना, तसं. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच. नाशिकमध्ये सायकलिंगचं वेड काही नवीन नाही, आमच्याच महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अॅक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून तर आमच्या गंगापूर रोडला पहाटे सायकली मोजता येत नाहीत, पण अख्खं गाव एका चढावर येऊन बसलंय हे मी पहिल्यांदा बघितलं.

ताईने आमच्यासाठी बघायच्या जागांची यादी केली होती. शर्यतीला येणाऱ्या पाहुण्यांना जे जे सांगतात ते सगळं त्यात होतं. वायनरीच दहा-बारा. मॅक्लारेन व्हेलमधला तो डॅरेनबर्गचा पाच मजली क्यूब, रुबिक क्यूब अर्धवट फिरवून द्राक्षबागेत ठेवलाय असा दिसणारा. व्हिक्टर हार्बरची घोड्याची ट्राम, १८९४ ला सुरू झालेली, ग्रॅनाइट आयलंडवर जाणारी. अॅडलेडचं सेंट्रल मार्केट. अॅडलेड ओव्हल. यातलं बरंचसं आम्ही केलं. ओव्हलवर मी जरा जास्तच रेंगाळलो कारण १९४८ च्या जानेवारीत सांगलीच्या विजय हजारेंनी त्याच मैदानावर एका टेस्टमध्ये ११६ आणि १४५ केले होते, आणि कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३, समोर ब्रॅडमनचा संघ, मॅच हरली पण ते आकडे आमच्या वडिलांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलेत की तिथल्या गवताकडे बघताना घरच्यासारखं वाटलं.

पण मला कोणी विचारलं, तिकडे शर्यत बघायला जातोय, काय बघू, तर मी सांगेन एक दिवस चढाला दे, अर्धा दिवस वाइनला दे आणि उरलेले सगळे दिवस किनाऱ्याला दे. मरिनो ते सेलिक्स बीच. आणि सायकलवरच कर, कारण गाडीतून तो किनारा कळत नाही.

मी ते एकट्याने केलं. शर्यतीची माणसं गेली, रस्ते मोकळे झाले, आणि मंगळवारी सकाळी मी ग्लेनेल्गवरून किनाऱ्याकिनाऱ्याने निघालो. मरिनोपासून कोस्ट टू व्हाइन्स ट्रेल सुरू होतो, पुढे तो बऱ्याच ठिकाणी जुन्या विलुंगा रेल्वेच्या वाटेने जातो, १९१५ ला सुरू झालेली ती रेल्वे १९६९ ला बंद झाली, रूळ काढले, आता तिथे सायकली चालतात. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ अंगावर येत नाहीत, हळूहळू वर नेतात.

मरिनोच्या आधीच किंग्स्टन पार्कला माझं पुढचं चाक बसलं. तिथे एक तिकोनी काटा असतो, आपल्या सराट्याचा भाऊ शोभावा असा, कुठल्याही बाजूने पडला तरी एक टोक वर. ट्यूब बदलली, पण तेवढ्यात बाटली संपली आणि ऊन असं की डांबर हलताना दिसत होतं. कड्याखाली झाडीत जरा सावली दिसली म्हणून खाली उतरलो तर बोरू-वेतासारखं दाट गवत, पायाखाली ओल, आणि समोर पन्नासेक पावलांवर समुद्र. एवढ्या खाऱ्या पाण्याच्या शेजारी ही ओल कुठली? तिथे लावलेला फलक वाचला तेव्हा कळलं की तो गोड्या पाण्याचा झरा आहे, आणि ती जिल्ब्रुकीची जागा आहे.

कौर्ना लोकांची, म्हणजे अॅडलेडचा हा सगळा प्रदेश ज्यांचा मूळचा, त्यांची ही कथा. जिल्ब्रुकी हा जाणता माणूस. त्याचा लाडका भाचा कुलुल्तुवी. त्या पोराने एक इमू मारला, जो मारायचा हक्क जिल्ब्रुकीचा होता. मामाने त्याला माफ केलं, पण दुसऱ्या नातलगांनी तेच कारण करून पोराला मारून टाकलं. मग जिल्ब्रुकीने भाच्याचा धूर देऊन वाळवलेला देह उचलला आणि किनाऱ्याने दक्षिणेला चालत निघाला. जिथे जिथे तो देह खाली ठेवून रडला तिथे तिथे त्याच्या अश्रूंचा झरा झाला. किंग्स्टन पार्कला पहिला, मग हॅलेट कोव्ह, पोर्ट नॉरलुंगा, रेड ओकर कोव्ह, पोर्ट विलुंगा, सेलिक्स बीच, आणि पुढेही. शेवटी तो स्वतः पक्षी झाला, आयबिस, आपल्याकडच्या शराटीसारखा.

मी तिथे बराच वेळ बसलो. रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेला माणूस पाणी शोधत होता म्हणून त्याला ही गोष्ट कळली, आणि मला वाटतं हजारो वर्षं ही गोष्ट सांगत राहण्यात हेही एक असेल की मुलांना पाण्याची जागा पाठ व्हावी. उन्हाळ्यात या किनाऱ्याने पायी निघालेल्या माणसाला पुढचं गोडं पाणी कुठे आहे हे माहीत नसेल तर तो जगणार कसा. सिंधुदुर्ग किल्ल्यात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेत, नावं ऐकूनच पाण्याची गोडी कळते, तसंच हे. फक्त इथे गोडीच्या ऐवजी दुःखाने लक्षात ठेवलंय. आणि मामाने भाच्याचा देह उचलून नेणं, हे मराठी माणसाच्या आत कुठेतरी लागतंच, मामा म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला लागत नाही.

बाटली मात्र मी वर बागेतल्या नळावर भरली. झऱ्याला हात लावला नाही, तो पिण्यासाठी नसावा असं वाटलं.

हॅलेट कोव्हला थांबायलाच हवं, पण त्यावर मी फार लिहीत नाही कारण दगडांमधलं मला फार कळत नाही. २८ कोटी वर्षांपूर्वी इथे बर्फ होता, आणि त्या बर्फाने सरकताना खडकावर जे ओरखडे काढले ते आजही दिसतात, राल्फ टेट नावाच्या प्राध्यापकाने १८७७ मध्ये ते ओळखले. आपला सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या ओरखड्यांपुढे पोरच. डोक्यावर चाळीसच्या आसपासचं ऊन आणि पायाखाली बर्फाच्या खुणा.

बागांकडे आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी गेलो, ताईच्या गाडीतून, मी मॅक्लारेन व्हेलपासून विलुंगापर्यंत शिराझ ट्रेल या सायकलवाटेने सायकल घेतली आणि ते रस्त्याने आले. आई माळकरी आहे. वाइनच्या कौंटरवर ती आत आली सुद्धा नाही, आणि तिला आम्ही आग्रहही केला नाही. ती सरळ बाहेर बागेच्या कडेला जाऊन उभी राहिली. चाळीस वर्षं तिने द्राक्षाच्या मांडवाखाली वाकून काढलीत, घडातले मणी विरळ करताना मान कायमची एका बाजूला झालीये. तिने लांबूनच एका घडाकडे बघितलं, हिरव्यात चार-पाच मणी जांभळे झालेले, आणि म्हणाली, "पाणी उतरलंय."

नाशिककडे मणी मऊ व्हायला, रंग धरायला लागला की हेच म्हणतात. गंमत म्हणजे तिकडचा उन्हाळा आणि आपला हिवाळा, पण आपण ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी घेतो म्हणून जानेवारीत आपल्याकडेही मण्यात पाणी उतरलेलं असतं. तिच्या बागेत आणि या बागेत हजारो किलोमीटरचं अंतर आणि वेळ जवळपास तीच. तिथे ग्रेनाश जातीच्या द्राक्षाची एक म्हातारी बाग होती, ना तार, ना मांडव, ना वाय आकाराचा आधार, कमरेएवढी झाडं आपापल्या खोडावर उभी, आडवा पसरवलेला ओलांडा असा नाहीच. आईला ते पटेना. "याला आधार कुठाय?" ताईने तिथल्या माणसाला विचारलं, आणि मी तिला माझाही प्रश्न विचारायला लावला, रूटस्टॉक, म्हणजे कलमाखालचा खुंट, कोणतं. तो म्हणाला, कुठलंच नाही, स्वतःच्याच मुळावर आहे.

द्राक्षवाल्याला हे ऐकून काय वाटतं ते सांगणं अवघड आहे. आमच्याकडे डॉगरीज जातीचा खुंट लावून त्याच्यावर कलम भरल्याशिवाय बाग होत नाही, खारं पाणी, कमी पाणी, सगळं त्या खुंटाने झेलायचं. युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने बागाच्या बागा संपवल्या, तेव्हापासून जगभर बहुतेक ठिकाणी कलम करूनच द्राक्ष लावतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती कीड आजपर्यंत शिरलेली नाही. १८९९ मध्येच त्यांनी तिला रोखायला कायदा केला. म्हणून तिथे जुनी झाडं स्वतःच्या मुळांवर जिवंत आहेत, आणि म्हणूनच पाहुण्यांनी ओळींमध्ये शिरू नये असं जागोजागी लिहिलेलं असतं, बुटाच्या मातीतून सुद्धा ती येऊ शकते. माझी कळकळीची विनंती आहे, तिकडे जाल तेव्हा फोटोसाठी ओळीत शिरू नका. आई चाळीस वर्षांची बागायतदारीण, तिचा हात घडाकडे जात होता, पण तिनेही पाय कडेलाच ठेवला.

अजून एक गोष्ट तिच्यामुळे दिसली. ओळींच्या टोकाला जांभळे पाइप. ड्रीप असतं तसं काळं नाही, फिकट जांभळं. तो रंग म्हणजे हे पाणी शुद्ध केलेलं सांडपाणी आहे, पिऊ नका. ख्रिस्तीज बीचच्या प्रकल्पातून शुद्ध केलेलं शहराचं पाणी साधारण १९९९ पासून पाइपलाइनने इकडच्या बागांना येतं, नाहीतर ते समुद्रात जात होतं. इथे नदीनाले उन्हाळ्यात आटतात, विहिरींवर मर्यादा आहे, त्यामुळे हे पाणी म्हणजे बागेचा जीवच. आम्ही दोन वर्षं टँकरने बाग जगवलीये, आईने मंगळसूत्र गहाण ठेवून पाणी घातलंय वेलींना, ती त्या जांभळ्या पाइपाकडे बघत नुसती उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे वापरलेलं पाणी पण टाकत नाहीत." आत आम्ही काय चाखलं, शिराझ कशी होती, ते मला आता आठवत नाही, चांगली होती. पण हा पाइप मात्र आठवतो.

विलुंगा गावात शनिवारी सकाळी शेतकरी बाजार भरतो, २००२ पासून, शर्यतीच्या दिवशी सुद्धा तो होता आणि मी चढायच्या आधी तिथे जर्दाळू खाऊन निघालो होतो. जमलं तर शनिवारच धरा. गावातली जुनी घरं पाटीच्या दगडाने शाकारलेली आहेत, तोच दगड ज्याची आपल्याला शाळेत पाटी मिळायची, १८४० मध्ये तो इथे सापडला आणि कॉर्नवॉलहून आलेल्या माणसांनी तो काढला. तो दगड जहाजात भरायचा तो पोर्ट विलुंगाला. गावातून खाली किनाऱ्याला सायकलने सुटायचं, पॅडल मारावं लागत नाही.

पोर्ट विलुंगाला आता धक्का नाही. लाकडाचे काळे खांब तेवढे पाण्यात उभे आहेत, त्यांच्यावर पक्षी बसतात. कड्याच्या पोटात कोळ्यांनी होड्या ठेवायला खणलेल्या गुहा आहेत आणि आता त्यात पोरं खेळतात. १८८८ च्या जुलैत गव्हाने भरलेलं स्टार ऑफ ग्रीस नावाचं जहाज वादळात या किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन फुटलं, लोक कड्यावर उभे राहून माणसं बुडताना बघत होते आणि काही करू शकले नाहीत. मोठ्या ओहोटीला अजून त्याचे अवशेष दिसतात म्हणे, आम्ही गेलो तेव्हा भरती होती. समुद्र पश्चिमेला, कोकणासारखा, त्यामुळे संध्याकाळी सूर्य पाण्यातच जातो आणि मागचा कडा पेटल्यासारखा होतो.

तोच कडा बघायला शेवटच्या दिवशी मी आईला घेऊन गेलो. मॉअना आणि मॅस्लिन बीचच्या मधे रेड ओकर कोव्ह. ताईने गाडी वर लावली, मी सीफर्डपर्यंत लोकलने सायकल घेऊन आलो होतो, सीफर्ड हे त्या लाइनीचं शेवटचं स्टेशन, डब्यात गर्दी नसेल तेव्हा सायकल नेता येते. आई हळूहळू वाळूतून चालली, एका हातात चपला, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून. वळसा घातला आणि समोर कडा आला, वर पिवळा, मधे नारिंगी, खाली रक्तासारखा लाल, आणि त्याच्या पायाशी लाटेच्या पाण्याला पण तांबडी झाक. कौर्ना लोक पिढ्यान् पिढ्या इथला गेरू काढायचे, अंगाला लावायला, विधींसाठी, दूरच्या लोकांशी देवाणघेवाणीसाठी. जिल्ब्रुकी इथेही थांबला होता. त्याच्या खांद्यावर भाच्याचा देह, आणि समोर हाच रंग.

विलुंगाच्या चढावर जिंकणाऱ्याला जो रंग घालतात तो मूळचा असा, इतक्या जवळ, सायकलने तासाभराच्या आत. शर्यतीला आलेल्या लोकांपैकी किती इथे येतात माहीत नाही. त्या दिवशी आम्ही तिघं होतो आणि एक कुत्रा फिरवणारी बाई.

आई काही बोलली नाही. वाळूवर आपोआप गळून पडलेला एक तुकडा होता, तो तिने उचलला, बोटाने चोळला, ओल्या बोटाने. वास घेतला. "आपल्याकडचा जरा भरड असतो," म्हणाली. मग ताईला विचारलं, थोडा नेला तर चालेल का, वृंदावनाला. ताई म्हणाली, "आई, ही त्यांची जागा आहे, इथलं न्यायचं नसतं." आईने लगेच मान हलवली, जणू तिला ते आधीच माहीत होतं, आणि तुकडा जिथून उचलला होता त्याच खळग्यात परत ठेवला, वर वाळू सारखी केली.

परत वर चढताना तिने माझ्या सायकलचा आधार घेतला. मी हँडल धरून चालत होतो, ती दुसऱ्या बाजूने. हँडलच्या पांढऱ्या टेपवर तिची चार बोटं उमटली, लाल. सायकल भाड्याची, दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती, रात्री ताईच्या अंगणात मी ओलं फडकं घेऊन बसलो, तीन बोटं पुसली.